ऑफिसचा जुना लॅपटॉप दुकानात आणताय? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा



मागच्या व्हिडिओत आपण एक यादी केली होती. धंदा सुरू करताना नवीन काय घ्यायचं आणि जुन्यावर काय भागवायचं. त्यात लॅपटॉप मी बिनधास्त "जुन्यावर भागवा" या रकान्यात टाकला. बिलं, स्टॉक, कोटेशन, जीएसटी, थोडं डिझाइन, एवढ्यासाठी पन्नास हजारांचं नवं मशीन लागत नाही. ते पैसे मालात घाला.

त्यावर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला. "ताई, नोकरी सोडताना कंपनीने लॅपटॉप मलाच देऊन टाकलाय. फॉरमॅट मारला की झाला ना माझा?"

नाही झाला. आणि हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझ्या दुकानाची पहिली दिवाळी या एका गैरसमजात अडकली होती.

माझी गोष्ट, थोडक्यात

बीबीए झाल्यावर मी पुण्यात एका कंपनीत नोकरी करत होते. 2021 मध्ये राजीनामा दिला. 30 सप्टेंबर शेवटचा दिवस, आणि 15 ऑक्टोबरला, दसऱ्याच्या मुहूर्तावर, साताऱ्यात पॅकेजिंग मटेरियलचं दुकान उघडायचं ठरलं होतं. मिठाईचे बॉक्स, कागदी पिशव्या, टेप, बबल रोल. दिवाळी 4 नोव्हेंबरला होती. म्हणजे वर्षभराचा धंदा त्या तीन आठवड्यांत.

लॅपटॉप कंपनीने मला विकत दिला. फुल अँड फायनलमधून 12 हजार कापून घेतले. मी खूश!

नोटीस पिरियडमध्ये दर शनिवारी रविवार पेठेत आणि दोनदा मुंबईला जाऊन मी व्यापाऱ्यांकडून भाव काढले होते. साडेतीनशेच्या आसपास वस्तू, प्रत्येकीचा भाव, किमान ऑर्डर, उधारी किती दिवसांची, सगळं एका एक्सेल फाइलमध्ये. फाइल लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर. मला वाटलं, डेस्कटॉपवर आहे म्हणजे लॅपटॉपमध्येच आहे.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी कंपनीने माझं खातं बंद केलं. घरी येऊन फाइल उघडते तर उघडेना. नाव दिसतंय, बाजूला ढगाचं छोटं चिन्ह दिसतंय, पण आत काही नाही. कंपनीच्या सेटिंगमुळे माझा अख्खा डेस्कटॉप कंपनीच्या वनड्राइव्हवर जात होता. मशीनवर राहिलं होतं फक्त नाव. माल ढगात, आणि ढगाची किल्ली कंपनीकडे.

मग मी दुसरी चूक केली. चिडून 9 ऑक्टोबरला गावातल्या रिपेअरवाल्याकडून फॉरमॅट मारून घेतला. मशीन सुरू झालं, वायफाय जोडलं, आणि स्क्रीनवर काय आलं? कंपनीचा लोगो. "आपल्या ऑफिसच्या ईमेलने साइन इन करा." ऑफिसचा ईमेल तर बंद झालेला!

दसऱ्याला दुकान उघडलं ते बिल बुक आणि पेनावर. ज्या एचआर मॅडमशी माझं बोलणं झालं होतं त्याही तोवर कंपनी सोडून गेल्या होत्या. आयटी विभाग म्हणे एचआरकडून मेल आणा, एचआर म्हणे आयटीत तिकीट टाका. तिकीट टाकायला ऑफिसचा ईमेल लागतो. अशी गोल गोल फिरत 25 ऑक्टोबर उजाडला, तेव्हा कुठे एका जुन्या सहकाऱ्याने योग्य माणूस गाठून दिला. त्या माणसाने त्याच्या बाजूने दहा मिनिटांत काम केलं. दहा मिनिटांचं काम, सोळा दिवस.

भावांची फाइल मात्र गेली ती गेलीच. वाचवलं ते आमच्या अण्णांनी, म्हणजे सासऱ्यांनी. मी शनिवारी फिरून आले की रात्री जेवताना ते भाव विचारायचे आणि त्यांच्या कच्च्या वहीत उतरवून ठेवायचे. मला तेव्हा हसू यायचं. त्या वहीवर आम्ही पहिली दिवाळी काढली.

म्हणून आज सगळं क्रमाने सांगते. क्रम महत्त्वाचा आहे. फॉरमॅट हे पहिलं काम नाही, ते जवळजवळ शेवटचं काम आहे.

कंपनीचा लॅपटॉप तीन दोऱ्यांनी बांधलेला असतो

हे डोक्यात बसलं की पुढचं सोपं आहे.

पहिली दोरी कागदाची. मशीन कायद्याने कोणाच्या मालकीचं आहे?

दुसरी दोरी माहितीची. आतल्या फाइलींपैकी तुमच्या कोणत्या, कंपनीच्या कोणत्या, आणि त्या खरोखर आहेत कुठे?

तिसरी दोरी कुलपाची. कंपनीच्या आयटी यंत्रणेत हे मशीन अजून "आमचं" म्हणून नोंदलेलं आहे का?

फॉरमॅटने यातली एकही दोरी नीट सुटत नाही. उलट दुसरी तुटते आणि तिसरी आवळते. आणि या तिन्ही दोऱ्या सोडवायची सगळ्यात चांगली वेळ एकच: तुम्ही अजून नोकरीत असताना. तुमचा ईमेल चालू आहे, आयटीवाला ओळखीचा आहे, चहाला भेटतो. शेवटचा दिवस गेला की तुम्ही त्यांच्यासाठी बाहेरचे.

सगळ्यात आधी: मशीन आणण्यालायक आहे का?

फुकट मिळतंय म्हणून घेऊ नका. विंडोज 10 ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. ज्या मशीनवर तुम्ही बँक आणि जीएसटी उघडणार, ते विंडोज 11 वर चालणारं हवं. त्यासाठी ढोबळ खूण अशी: इंटेल प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीचा किंवा पुढचा, एएमडी रायझन असेल तर साधारण 2000 मालिकेपासून पुढचा, आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षा चिप. मायक्रोसॉफ्टचं "पीसी हेल्थ चेक" नावाचं मोफत अ‍ॅप चालवलं की हो किंवा नाही लगेच कळतं.

रॅम 8 जीबी तरी हवी. हार्ड डिस्क जुनी फिरणारी असेल तर एसएसडी टाकून घ्या, मशीन नव्यासारखं पळतं. बॅटरी, की-बोर्ड, बिजागऱ्या तपासा. चार्जर बरोबर घ्यायला विसरू नका. ओरिजिनल चार्जरचे पैसे वेगळे जातात.

पायरी 1: कागद

"साहेब म्हणाले ठेव तुझ्याकडे" हा कागद नाही. साहेब बदलतात.

तुम्हाला हवंय ते असं. विकत दिला असेल तर कंपनीचं बिल. भेट म्हणून दिला असेल तर कंपनीच्या लेटरहेडवर किंवा अधिकृत ईमेलवरून पत्र, ज्यात मॉडेल आणि सीरियल नंबर लिहिलाय, आणि या मशीनवर कंपनीचा हक्क राहिलेला नाही असं स्पष्ट म्हटलंय. सीरियल नंबर लॅपटॉपच्या पोटाखाली स्टिकरवर असतो. हे पत्र स्वतःच्या जीमेलवर पाठवून घ्या. ऑफिसच्या मेलबॉक्समध्ये ठेवलं तर त्या मेलबॉक्सबरोबरच जाईल.

तुमची जीएसटी नोंदणी झाली असेल तर बिल तुमच्या फर्मच्या नावाने आणि जीएसटी नंबर टाकून मागा. लॅपटॉपवर 18% जीएसटी असतो. नियमित नोंदणी असेल आणि मशीन धंद्यासाठीच वापरणार असाल, तर त्याचं क्रेडिट मिळू शकतं. कंपोझिशनमध्ये असाल तर मिळत नाही. घसाऱ्याचं गणित तुमच्या सीएंना विचारा, पण त्यांनाही आधी बिलच दाखवावं लागेल.

आणि बिल किंवा पत्र काहीच मिळत नसेल तर? मग मशीन परत करा. खरंच सांगते. दुसऱ्याच्या मालमत्तेवर आपल्या धंद्याचा पाया घालू नका.

पायरी 2: माहिती

इथे दोन ढीग करायचे. माझं आणि कंपनीचं.

माझं म्हणजे: घरचे फोटो, आधार-पॅनच्या प्रती, पगाराच्या स्लिपा, फॉर्म 16, स्वतःच्या धंद्याची कागदपत्रं. हे सगळं उघडून बघत बघत बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा स्वतःच्या गूगल ड्राइव्हवर घ्या. कंपनीने पेन ड्राइव्ह बंद केलेला असतो बऱ्याचदा. मग लपूनछपून वाट काढू नका, आयटीला सांगून त्यांच्यासमोर कॉपी करून घ्या.

फाइलच्या बाजूला निळं ढगाचं चिन्ह दिसलं तर ती फाइल मशीनवर नाही. हिरवी बरोबरची खूण असेल तर मशीनवर आहे. कॉपी झाल्यावर ती नवी प्रत दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. नुसतं नाव दिसणं म्हणजे फाइल असणं नाही, हे माझ्याकडून शिका.

आता कंपनीचा ढीग: ग्राहकांची यादी, भावपत्रकं, प्रेझेंटेशन, टेंडर, कोड. यातलं एकही पान घेऊ नका. मला माहितीये, मोह होतो. "मीच तर केली होती ती यादी!" असं वाटतं. पण ती तुम्ही पगार घेऊन केली होती. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातली माहिती कॉपी करणं हे माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 च्या कलम 43 मध्ये येतं, आणि ते अप्रामाणिकपणे केलं असेल तर कलम 66 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. धंद्याच्या पहिल्या वर्षी वकिलाची फी कोणाला परवडते? तुमच्या डोक्यातला अनुभव तुमचा आहे, तो घेऊन जा. फाइल ठेवून जा.

आणि हो, माझी स्वतःची चूकही मान्य करते. नोकरीत असताना स्वतःच्या दुकानाची भावयादी मी ऑफिसच्या मशीनवर करायलाच नको होती. बऱ्याच कंपन्यांच्या करारात त्याला मनाई असते. ती फाइल गेली तेव्हा मी भांडू शकले नाही, कारण ती तिथे असायलाच नको होती.

या पायरीत अजून एक काम, जे नव्वद टक्के लोक विसरतात असं मला वर्गात दिसतं. ऑफिसचा ईमेल तुम्ही कुठे कुठे दिलाय? उद्यम नोंदणी, बँक, इन्कम टॅक्स पोर्टल, पीएफ, विमा, वेबसाइटचं डोमेन. कागद घ्या, यादी करा, आणि मेलबॉक्स चालू आहे तोवर सगळीकडे स्वतःचा ईमेल टाका. कारण बदलाचा ओटीपी जुन्या ईमेलवर आला तर तो बघायचा कुठे? ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्डही याच वेळी काढून घ्या.

पायरी 3: कुलूप

आता मुख्य गोष्ट. कंपन्या हजारो लॅपटॉप लांबून सांभाळतात. मायक्रोसॉफ्टच्या यंत्रणेत त्यासाठी तीन नावं तुमच्या कानावर पडतील. एन्ट्रा, म्हणजे कंपनीच्या खात्यांचं रजिस्टर. पूर्वी याला अझ्यूर एडी म्हणायचे. इंट्यून, म्हणजे लांबून नियम लावणारा रखवालदार. आणि ऑटोपायलट, म्हणजे मशीनच्या हार्डवेअरच्या ठशाची नोंद.

हे ऑटोपायलट नीट समजून घ्या. जमिनीच्या सातबाऱ्यासारखं आहे ते. घर पाडून नवीन बांधलं तरी सातबाऱ्यावरचं नाव बदलत नाही. तसंच मशीन फॉरमॅट केलं, नवी एसएसडी टाकली, तरी इंटरनेट जोडल्यावर विंडोज मायक्रोसॉफ्टला विचारतं, "हे मशीन कोणाचं?" तिकडून उत्तर येतं, अमुक कंपनीचं. आणि कंपनीचं लॉगिनचं पान पुढे येतं. ती नोंद ज्या कंपनीने केली, तिच्याच आयटी अ‍ॅडमिनला ती काढावी लागते. गल्लीतल्या रिपेअरवाल्याच्या हातात ते नाही.

तुमचं मशीन बांधलेलं आहे का हे बघायचं असेल तर सेटिंग्जमध्ये अकाउंट्समध्ये जा आणि "अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल" उघडा. तिथे कंपनीचं खातं दिसलं तर दोरी आहे. पण तिथे काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. ऑटोपायलटची नोंद तिथे दिसत नाही.

मग आयटीला शेवटच्या दिवसाच्या किमान आठवडाभर आधी मेल टाका. मजकूर साधारण असा ठेवा:

"सोबत जोडलेल्या पत्रानुसार कंपनीने अमुक मॉडेल, सीरियल नंबर अमुक, हा लॅपटॉप मला दिलेला आहे. कृपया तो इंट्यून, ऑटोपायलट आणि एन्ट्रा या तिन्ही ठिकाणांहून काढून टाकावा. बायॉसला पासवर्ड असल्यास तो काढावा. चोरी-शोध किंवा लांबून नियंत्रणाचं सॉफ्टवेअर असल्यास ते बंद करावं. काम झाल्याचं उत्तर माझ्या वैयक्तिक ईमेलवर द्यावं."

बायॉस पासवर्ड का? कारण नवीन विंडोज टाकायला पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करावं लागतं, आणि बायॉसला कुलूप असेल तर तिथेच गाडी अडते. चोरी-शोध सॉफ्टवेअर का? कारण काही कंपन्या वापरतात ती यंत्रणा बायॉसमध्येच बसलेली असते. विंडोज नवीन टाकलं तरी ती पुन्हा उगवते.

एका बॅचमधल्या ताईंचं उदाहरण देते. घरगुती मसाल्यांचा धंदा. मिस्टरांनी जुन्या कंपनीतून आणलेला लॅपटॉप, फॉरमॅटही न करता, फक्त नवीन युजर बनवून त्या वापरत होत्या. सात-आठ महिने छान चाललं. मग कंपनीत कोणीतरी जुन्या मशीनची साफसफाई काढली आणि लांबून "वाइप"चा आदेश सोडला. एका दुपारी लॅपटॉप आपोआप रीस्टार्ट झाला आणि सगळं कोरं. लेबलांची डिझाइनं, ऑर्डरी, उधारीची यादी, सगळं. कंपनीची चूक म्हणाल? त्यांच्या रजिस्टरमध्ये ते मशीन त्यांचंच होतं. त्यांनी आपलं घर झाडलं.

आणखी एक शब्द लक्षात ठेवा: बिटलॉकर. डिस्कवरचं हे कुलूप आहे आणि त्याची 48 आकडी रिकव्हरी की कंपनीच्या खात्यात असते. बायॉसमध्ये काही बदल झाला, मदरबोर्ड बदलला, की मशीन ती की मागू शकतं. की नसेल तर आतली माहिती मिळत नाही. म्हणून आधी पायरी 2 पूर्ण, मगच बायॉसला हात.

पायरी 4: आता मारा फॉरमॅट

"नुसतं कंपनीचं खातं डिस्कनेक्ट करून वापरू का?" असं विचाराल. चालतं, पण मी सुचवत नाही. कंपनीचा अँटिव्हायरस, व्हीपीएन, नजर ठेवणारी सॉफ्टवेअर, सर्टिफिकेटं मागे राहतात, आणि त्याच मशीनवर तुम्ही नेट बँकिंग करणार. तरीही डिस्कनेक्ट करणारच असाल, तर त्याआधी अ‍ॅडमिन अधिकार असलेलं एक लोकल खातं बनवा आणि त्यातून एकदा लॉगिन करून बघा. नाहीतर खातं तोडलं की स्वतःच्याच घराबाहेर उभे राहाल.

स्वच्छ पद्धत अशी:

1. 8 जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे.
2. दुसऱ्या एखाद्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरून "मीडिया क्रिएशन टूल" घ्या आणि पेन ड्राइव्ह तयार करा. कोणाकडून मिळालेली "रेडिमेड" विंडोज टाकू नका.
3. लॅपटॉप त्या पेन ड्राइव्हवरून सुरू करा. डिस्क निवडायच्या पानावर जुने सगळे भाग डिलीट करा आणि मोकळ्या जागेवर विंडोज टाका.
4. वायफाय जोडा. कंपनीचा लोगो आला नाही, तर कुलूप खरंच सुटलंय. ही खरी परीक्षा. ती शेवटच्या दिवसाआधी देता आली तर फारच छान.
5. धंद्यासाठी नवीन मायक्रोसॉफ्ट खातं बनवून साइन इन करा. डिस्क कुलूपबंद झाली तर आता रिकव्हरी की तुमच्या खात्यात जाईल. ती छापून घरच्या फाइलमध्ये ठेवा.

हे स्वतः जमणार नसेल तर रिपेअरवाल्याकडून करून घ्या, हरकत नाही. पण समोर बसून.

पायरी 5: लायसन्स

विंडोजचं काय? बहुतेक ब्रँडेड लॅपटॉपची विंडोजची की कारखान्यातच मदरबोर्डमध्ये भरलेली असते. इंटरनेट जोडलं की ती आपोआप लागते. कंपनीत "एंटरप्राइज" दिसत होतं आणि आता "प्रो" दिसतंय, तर घाबरू नका. एंटरप्राइज कंपनीच्या लायसन्सवर होतं, प्रो मशीनबरोबरचं आहे. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग अ‍ॅक्टिव्हेशन, तिथे "अ‍ॅक्टिव्ह" लिहिलेलं हवं.

ऑफिस मात्र कंपनीचं होतं आणि ते गेलं. वर्ड-एक्सेल विकत घ्या, नाहीतर लिब्रे ऑफिस किंवा गूगल शीट्स वापरा, दोन्ही मोफत. सुरुवातीच्या बिलांना आणि स्टॉकला पुरतं. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर नको. दोन-तीन हजार वाचवायला जाऊन बँकेचा पासवर्ड कोणाच्या तरी हातात द्याल. अँटिव्हायरससाठी विंडोजचा स्वतःचा डिफेंडर चालू ठेवा आणि अपडेट वेळेवर घ्या.

पायरी 6: दुकानाचं मशीन म्हणून मांडणी

आता हे तुमचं. तर दुकानासारखंच लावा.

दोन युजर करा. एक अ‍ॅडमिन, फक्त तुमचा. एक साधा, रोजच्या बिलिंगचा, जो दुकानातल्या पोराला देता येईल. मुलांचे गेम या मशीनवर नकोत.

टॅली वापरत असाल आणि ते आधी दुसऱ्या मशीनवर असेल, तर तिथे लायसन्स "सरेंडर" करून मगच इथे सुरू करा. बिल प्रिंटरचा ड्रायव्हर टाका आणि एक नमुना बिल काढून बघा. जीएसटी रिटर्नला प्रोप्रायटरचं ओटीपीवर भागतं. कंपनी किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सहीचं टोकन लागतं, त्याचा ड्रायव्हर आत्ताच टाका, रिटर्नच्या शेवटच्या संध्याकाळी नाही. मराठी टायपिंगसाठी विंडोजमध्येच मराठीचा की-बोर्ड आहे, भाषा जोडली की झालं.

आणि बॅकअप. रोज रात्री गल्ला मोजता ना? त्याच वेळी. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक गूगल ड्राइव्हवर. तिथे 15 जीबी मोफत मिळतात, किराणा दुकानाच्या हिशेबाला कित्येक वर्षं पुरतील. आठवड्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल उघडून बघा.

आधीच अडकला असाल तर

युट्यूबवर "पाच मिनिटांत लॉक बायपास" छाप व्हिडिओ भरपूर आहेत. त्यांच्या मागे लागू नका. आज चाललं तरी पुढच्या रीसेटला कुलूप परत येतं, आणि मशीन तुमचं असल्याचा कागद नसेल तर ते कशात मोडतं हे सांगायला नको. कायदेशीर मार्ग एकच: बिल किंवा पत्र, सीरियल नंबर आणि लॉगिन पानाचा फोटो जोडून कंपनीच्या आयटी आणि एचआर दोघांना एकाच मेलमध्ये लिहा. वेगवेगळे मेल टाकले की माझ्यासारखं गोल फिरावं लागतं.

मॅकबुकवालेहो, तुमच्याकडे नावं वेगळी, गोष्ट तीच. कंपनीला अ‍ॅपलच्या बिझनेस यंत्रणेतून मशीन "रिलीज" करावं लागतं, नाहीतर पुसल्यानंतर "रिमोट मॅनेजमेंट"चं पान समोर येतं. "फाइंड माय" मध्ये जे खातं आहे तेही बंद झालेलं हवं.

आणि ज्यांनी नोकरी केलीच नाही, त्यांनाही हे लागू आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तुमच्या तालुक्याच्या बाजारापर्यंत जे सेकंड हँड लॅपटॉप मिळतात, त्यातले कितीतरी कंपन्यांतूनच आलेले असतात. पैसे देण्याआधी दुकानदाराला सांगा, "माझ्यासमोर रीसेट करा, मोबाइलचं हॉटस्पॉट जोडा." कोणत्याही कंपनीचं नाव न येता साध्या सेटअपचं पान आलं, तरच पाकिटाला हात. आणि बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.

भिंतीवर लावायची यादी

- मालकीचं पत्र किंवा बिल, सीरियल नंबरसह, स्वतःच्या ईमेलवर
- स्वतःच्या फाइली बाहेर, दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिलेल्या
- कंपनीची एकही फाइल बरोबर नाही
- सगळ्या नोंदण्यांत ऑफिसच्या जागी स्वतःचा ईमेल
- आयटीचं उत्तर: इंट्यून, ऑटोपायलट, एन्ट्रा, बायॉस, चोरी-शोध, सगळं मोकळं
- मग स्वच्छ विंडोज, आणि वायफाय जोडून परीक्षा
- लायसन्स, दोन युजर, बॅकअप

या आठवड्याचा गृहपाठ: नोकरीत असाल तर आजच ऑफिसचा ईमेल कुठे कुठे दिलाय त्याची यादी करा. दुकान चालू असेल तर आत्ता तुमच्या मशीनवर "अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल" उघडून बघा. कोणाचं नाव दिसतंय?

माझा तो 12 हजारांचा लॅपटॉप अजून काउंटरवर आहे. बॅटरी एकदा बदलली, एसएसडी टाकली. बिलं त्याच्यावरच निघतात. त्याच्या शेजारी अण्णांची वहीपण असते. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना ते अजूनही भाव विचारतात, आणि मी आता न हसता सांगते.

भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, पण नीट करा!